वेताळाचा प्रश्न आणि दूरचित्रवाणीची खुर्ची

डिचोली तालुक्यातील आमोणे या गावी वेताळाचे नामांकित देवस्थान आहे. गोमंतकाबाहेरील वाचकास वेताळ म्हटले की स्मशान, प्रेत आणि मध्यरात्र आठवते. आमच्याकडे तो गावाचा राखणदार. रात्री तो सीमेवरून फिरतो आणि फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात, या समजुतीने त्यास नव्या वहाणा वाहण्याची चाल आहे. तथापि याच नावाचा दुसरा एक वेताळ पोथीतून आमच्या घरांत शिरला आहे. तो विक्रमराजाच्या खांद्यावर बसून गोष्ट सांगतो आणि गोष्ट संपताच प्रश्न टाकतो. त्याची अट विलक्षण आहे. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला, तर त्याच्या मस्तकाची शकले होतील; आणि उत्तर दिले, तर मौन मोडले म्हणून वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लोंबकळेल. राजा चोवीस वेळा बरोबर उत्तर देतो आणि चोवीस वेळा त्याची खेप फुकट जाते. शेवटच्या प्रश्नाला त्याला उत्तर सुचत नाही, तो निमूट चालत राहतो, आणि तेव्हाच वेताळ प्रसन्न होतो.

या कथेची आठवण आम्हांस एका अगदी आधुनिक प्रसंगाने झाली. ३ जुलै २००० रोजी ‘कौन बनेगा करोडपती’ हा हिंदी कार्यक्रम दूरचित्रवाणीवर सुरू झाला. मूळ कल्पना इंग्लंडातली. तेथे तो सप्टेंबर १९९८ मध्ये प्रथम दाखविला गेला होता. आठवड्यातून चार दिवस रात्री नऊ वाजता पेडण्यापासून साखळीपर्यंत ज्या ज्या घरी दूरचित्रवाणी संच होता, त्या त्या घराच्या सोप्यावर शेजारीपाजारी जमत. आधी दहा स्पर्धकांतून सर्वांत जलद उत्तर देणारा एक निवडला जाई. मग तो अमिताभ बच्चन यांच्यासमोरील उंच खुर्चीवर बसे. पंधरा प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, पहिल्या प्रश्नाला एक हजार रुपये आणि पंधराव्याला एक कोटी. मध्ये दोन टप्पे असे की तेथवर पोहोचलेल्याची तेवढी रक्कम बुडत नसे. तीन वेळा मदत घेता येई : दोन चुकीचे पर्याय खोडून घेणे, प्रेक्षकांचा कौल घेणे, अथवा मित्रास दूरध्वनी करणे. आणि उत्तर येत नसेल तर मिळालेले पैसे घेऊन उठण्याची मोकळीक. विक्रमराजाला जे पंचविसाव्या खेपेस साधले, ते येथे प्रत्येक पायरीवर नियमानेच दिलेले होते.

या कार्यक्रमाने आमच्या दोन तालुक्यांत काही नवीन आणले, की जुन्याच हौसेला नवा मांडव घालून दिला, हा प्रश्न आम्हांस विचार करण्याजोगा वाटतो. कारण प्रश्नोत्तराच्या जाहीर झुंजीचे पेडणे-डिचोलीस मुळीच अप्रूप नव्हते. ती झुंज येथे पिढ्यान् पिढ्या होत आली, फक्त तिला कोणी स्पर्धा म्हटले नाही.

पावसाळा सरून भाताची कापणी झाली की दशावतारी मंडळ्यांचा हंगाम सुरू होतो. सावंतवाडी-कुडाळकडील मंडळ्या तेरेखोलची खाडी ओलांडून पेडण्यात येतात. मांद्रे, मोरजी, हरमल, कोरगाव, पार्से, धारगळ अशा गावांतून देवळाच्या जत्रेला रात्रभर नाटक होते आणि पहाटे दहीकाल्याने त्याची समाप्ती होते. डिचोली महालातही हीच चाल. आरंभी सूत्रधार, गणपती, ऋद्धि-सिद्धि, सरस्वती येऊन जातात; मग काळ्या वेषाचा संकासुर येतो. याने ब्रह्मदेवाचे वेद चोरलेले. म्हणजे सगळी विद्या याच्या काखोटीस, आणि तरी प्रेक्षकांतील पोराटोरांशी याची थट्टामस्करी चालू. जगातले एकूण ज्ञान चोरून नेणारा इसम प्रेक्षकांस पाहताक्षणी आवडावा, यात आमच्या लोकांच्या स्वभावाचे काही मर्म आहे खास.

परंतु आमच्या विषयाशी निगडित भाग पुढचा, आख्यानाचा होय. दशावतारास लिहिलेली संहिता नसते. आख्यान कोणते, कोणाचा प्रवेश कोणामागून, एवढे रंगपटात ठरते. बोलायचे काय ते ज्याचे त्याने उभ्या जागी ठरवायचे. त्यामुळे नारद आणि एखादा राजा, अथवा दोन भिन्न पक्षांचे वीर समोरासमोर आले की जे घडते ते अर्धे नाटक आणि अर्धी परीक्षा असते. मुरलेला नट नवख्याला मध्येच पुराणातला अनपेक्षित प्रश्न टाकतो. शाप कोणी दिला, उःशाप काय होता, अमुक वचन देताना तू कोणास साक्षी ठेवलेस? नवख्याने उत्तर दिले पाहिजे, आणि तेही आपल्या भूमिकेला शोभेल अशा भाषेत. अडखळला तर पेटीवाला स्वर धरून त्याला सावरतो खरा, पण पुढे बसलेले म्हातारे ओळखतात. दुसऱ्या दिवशी गावात नाटकाच्या कथेची चर्चा होत नाही. कोण कोणाला कोठे अडकवले याची होते.

या परीक्षेची दोन लक्षणे ध्यानात घेतली पाहिजेत. पहिले असे की उत्तर नुसते खरे असून भागत नसे. त्याला कारण जोडावे लागे. भीष्माने प्रतिज्ञा केली एवढे सांगणारा उत्तीर्ण होत नसे. ती मोडणे धर्म्य होते की नव्हते, हे त्यास भांडून दाखवावे लागे. महाभारतातील यक्षानेही युधिष्ठिरास सोडले ते उत्तरे पाठ होती म्हणून नव्हे. एका भावास जिवंत करीन म्हटल्यावर त्याने भीमार्जुनांस सोडून नकुलास मागितले, आणि माद्रीचाही एक पुत्र उरला पाहिजे हे कारण सांगितले, तेव्हा. दुसरे लक्षण असे की पंच समोरच बसलेले असत. प्रेक्षक हाच न्यायाधीश. दूरचित्रवाणीवरील खेळात प्रेक्षकांचे स्थान पालटले. जो पूर्वी निकाल देई तो आता अडलेल्याच्या मदतीला येणारा झाला, आणि निकाल संगणकाकडे गेला.

पुरुषांची ही गोष्ट झाली. स्त्रियांची परीक्षा वेगळ्या जागी होई. पौषात मांडावर धालो घालताना, चवथीच्या दिवसांत फुगडीच्या मध्यंतरी, किंवा दुपारी सुपारी कातरत बसल्या असताना, हुमाणी घातली जात. कोड्यास गोमंतकात हुमाण म्हणतात. नारळ, विळी, दिवा, वाट्यावरचा वरवंटा असल्या रोजच्या वस्तू आडवळणाने सांगायच्या आणि समोरचीने त्या ओळखायच्या. घरात नव्याने आलेल्या सुनेची हुशारी सासरच्या बायका अशीच जोखत. हे ज्ञान पुस्तकी नव्हे, परंतु उत्तर देण्याची धिटाई आणि चारचौघींत हार पत्करण्याचा मोकळेपणा त्यातून येई. दशावताराच्या रंगमंचावर मात्र स्त्रीचे काम पुरुषच करी. पुराण कोणी वाचावे आणि सोप्याच्या कोणत्या पायरीवर बसून कोणी ऐकावे, यांचेही दंडक होते. आम्ही जुन्या परंपरेचे गुण सांगत आहो. तिची दारे सर्वांस उघडी होती असा समज वाचकांनी करून घेऊ नये.

येथे जरा दूरच्या एका प्रकरणाकडे वळणे आवश्यक आहे. अमेरिकेत १९५६ साली ‘ट्वेंटी-वन’ नावाची प्रश्नोत्तराची स्पर्धा दूरचित्रवाणीवर सुरू झाली. काचेच्या बंद खोलीत उभे राहून कपाळावरचा घाम पुसत, ओठ चावत उत्तरे देणारा कोलंबिया विद्यापीठातील तरुण अध्यापक चार्ल्स व्हॅन डोरेन सबंध देशाचा लाडका झाला. २ नोव्हेंबर १९५९ रोजी त्याने अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे कबूल केले की प्रश्न आणि उत्तरे आपल्याला अगोदरच मिळत होती, आणि कोठे थांबायचे, कोठे चाचरायचे, हेही शिकविलेले होते. पुढच्याच वर्षी असल्या स्पर्धांतील लबाडीस तेथे कायद्याने गुन्हा ठरविण्यात आले. या प्रकरणात आम्हांस एक मौज दिसते. तेथे स्पर्धा म्हणून जे दाखविले जात होते ते लिहून घेतलेले नाटक निघाले. आणि आमच्या पेडण्यात नाटक म्हणून जे होत होते ती न लिहिलेली स्पर्धा होती. पुढील काळातील कार्यक्रमांत यंत्राच्या निःपक्षपातीपणाचा एवढा उद्घोष होतो, स्पर्धकाचे उत्तर ‘लॉक’ करून संगणकाची साक्ष काढली जाते, त्यामागे त्या जुन्या फसवणुकीची आठवण काम करीत असावी, असा आमचा तर्क आहे.

आता ‘सामान्य ज्ञान’ या शब्दाकडे वळू. सामान्य म्हणजे सर्वांस समान असलेले. परंतु सर्व म्हणजे कोण? पेडणे-डिचोलीत या प्रश्नाचे उत्तर दोन शतकांत अनेकदा बदलले. डिचोली १७८१ साली आणि पेडणे १७८८ साली सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेले. या नव्या काबिजादीत धर्मांतराचा जुना जोर उरला नव्हता, त्यामुळे देवळे राहिली, पोथ्या राहिल्या आणि मराठी राहिली. देवळाच्या पडवीत किंवा एखाद्या जमीनदाराच्या ओसरीवर शेणवीमामाची शाळा भरे. बाळबोध, मोडी, पाढे, पावकी-निमकी आणि रामविजय-हरिविजयासारख्या पोथ्यांचे वाचन, एवढी त्या शाळेची विद्या. त्या मुलाचे सामान्य ज्ञान म्हणजे पुराणे, पंचांग आणि हिशेब.

विसाव्या शतकात त्याच मुलास सरकारी शाळेत पोर्तुगीज शिकून पहिल्या आणि दुसऱ्या ‘ग्राव’च्या परीक्षेस बसावे लागे. सकाळी पोर्तुगीज, दुपारी मराठी, असे त्याचे दिवस जात. सकाळच्या शाळेत त्याला मिन्यु, दोउरु, तेजु, ग्वादियाना या नद्या उगमासह पाठ कराव्या लागत, पोर्तुगालच्या राजांची नामावळ म्हणावी लागे. ज्या शापोऱ्यात तो पोहत असे, ज्या वाळवंटीच्या काठी त्याच्या आजीचे माहेर असे, त्या नद्यांचे नाव त्या नामावळीत नसे. असे शिकलेली वृद्ध माणसे आम्ही पाहिली आहेत. लिस्बनच्या बाजूचा भूगोल त्यांच्या तोंडून झरझर येई, आणि मग ती स्वतःच हसत.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि एका रात्रीत हे सारे ज्ञान असामान्य ठरले. तेजु नदी कोणी विचारीना. गंगा, गोदावरी, पंचवार्षिक योजना, राज्यांच्या राजधान्या हे नवे सामान्य ज्ञान आले. मूळचे पेडण्याचे असलेले दयानंद बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्या कारकीर्दीत मराठी प्राथमिक शाळा खेड्यापाड्यांत निघाल्या. १९६२ च्या मार्चमध्ये ‘गोमन्तक’ दैनिक सुरू झाले. गोव्याचे स्वतःचे शालान्त मंडळ १९७५ साली स्थापन झाले. तोवर शालान्त परीक्षेसाठी महाराष्ट्राकडे पाहावे लागे. म्हणजे आईबापांनी लिस्बनचा भूगोल घोकला, मुलांनी पुण्याकडून आलेल्या पुस्तकांतला. एकाच घरात तीन पिढ्यांची तीन ‘सामान्य’ ज्ञाने नांदत होती आणि एकीचा दुसरीस उपयोग नव्हता.

या विस्कळीतपणातून एक थोर काम उभे राहिले, त्याचा उल्लेख न करता पुढे जाववत नाही. डिचोलीस लागून असलेल्या सत्तरीत, आंबेडे गावी, १९०६ साली जन्मलेल्या महादेवशास्त्री जोशी यांनी पुण्यास बसून दहा खंडांचा ‘भारतीय संस्कृतिकोश’ सिद्ध केला. ज्ञानकोशकार केतकरांचा प्रचंड उद्योग मराठीत पूर्वी झालेलाच होता. परंतु व्रते, दैवते, जत्रा, लोकाचार यांनाही कोशात मानाचे पान असते, हे दाखविण्यास आमच्या डोंगराळ महालातला माणूस पुढे आला, हा आम्ही निव्वळ योगायोग मानीत नाही. स्पर्धांच्या तयारीसाठी विद्यार्थी मार्गदर्शकांची रद्दी चाळतात. त्यांनी हे खंड एकदा उघडावे.

भारतात जाहीर प्रश्नमंजुषेची सुरुवात नील ओब्रायन यांनी १९६७ साली कलकत्त्यास केली असे मानतात. १९७२ पासून ‘बोर्नव्हिटा क्विझ काँटेस्ट’ सुरू झाली आणि नभोवाणीवरून शाळकरी मुलांपर्यंत पोहोचली. १९८५ साली दूरदर्शनवर सिद्धार्थ बसू यांचे ‘क्विझ टाइम’ आले. हे सर्व इंग्रजीत होते, आणि स्पर्धक बहुधा नामवंत शाळा-महाविद्यालयांतले. मराठी शाळेत शिकलेला डिचोलीचा मुलगा ते पाही. परंतु कुंपणापलीकडून पाही. २००० साली हिंदी आली तेव्हा कुंपण निम्मे मोडले. मे २०१३ मध्ये सचिन खेडेकर यांच्या सूत्रसंचालनाखाली ‘कोण होईल मराठी करोडपती’ सुरू झाले, आणि २०१९ साली नागराज मंजुळे यांच्यासह ‘कोण होणार करोडपती’ आले. प्रश्न मराठीत ऐकू येऊ लागल्यावर सोप्यावरच्या म्हाताऱ्या माणसांनी संचाकडे पाठ फिरवून बसणे सोडले, हे आम्ही पाहिले आहे. भाषा कळते एवढ्यानेच माणूस प्रश्नाचा भागीदार होतो.

हिंदी कार्यक्रमात पहिले एक कोटी रुपये ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या हर्षवर्धन नवाथे या मराठी तरुणाने मिळविले. ते त्या वेळी प्रशासकीय सेवेच्या परीक्षेची तयारी करीत होते. त्यांना विचारलेला पंधरावा प्रश्न असा : भारतीय राज्यघटनेप्रमाणे संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची मुभा पुढीलपैकी कोणास आहे? महान्यायअभिकर्ता, महान्यायवादी, मंत्रिमंडळ सचिव आणि सरन्यायाधीश असे चार पर्याय होते. बरोबर उत्तर महान्यायवादी. घटनेच्या ८८व्या अनुच्छेदाने त्यास दोन्ही सभागृहांत बोलण्याचा अधिकार दिला आहे. मत देण्याचा मात्र दिलेला नाही.

उत्तर बरोबर आले, सभागृह उठून उभे राहिले आणि एक कोटीचा धनादेश दिला गेला. परंतु आम्हांस वाटते की खरा रस जेथे सुरू व्हायचा तेथेच खेळ संपला. सरकारच्या वकिलाला लोकप्रतिनिधींत बसून बोलू द्यायचे आणि देशाच्या सर्वोच्च न्यायाधीशाला द्यायचे नाही, असे का? न्यायाधीशाने कायदा करणाऱ्यांच्या वादात पडू नये म्हणून? मग वकिलास बोलता यावे पण हात वर करता येऊ नये, हे कशासाठी? कोरगावच्या देवळासमोर हा प्रश्न दोन कसलेल्या दशावतारी नटांस दिला असता, तर एक महान्यायवादी आणि दुसरा सरन्यायाधीश होऊन त्यांनी पहाटेपर्यंत तो सोडला नसता. आणि पुढे बसलेल्या शेतकऱ्यास राज्यघटनेचे तत्त्व जेवढे कळले असते तेवढे चार पर्यायांतून कळणे शक्य नाही.

एवढे म्हणून झाल्यावर दुसरी बाजू मांडणे प्राप्त आहे, आणि ती दुबळी नाही. २०१९ साली अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे त्याच खुर्चीवर बसल्या. शाळेत मुलांसाठी खिचडी शिजविणे हे त्यांचे काम, आणि महिन्याची मिळकत दीड हजार रुपये. त्यांनी एक कोटी रुपये जिंकले. दशावताराच्या कोणत्या रंगमंचावर, पुराणाच्या कोणत्या ओसरीवर, कीर्तनाच्या कोणत्या गादीवर चूल सांभाळणाऱ्या स्त्रीला बसवून, आदराने नाव घेऊन, सर्वांसमक्ष प्रश्न विचारला गेला होता? हुमाणी घालणाऱ्या आमच्या आया-आज्यांत अशा किती बुद्धिमती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआड राहून गेल्या असतील. जुना फड ‘का’ विचारी, पण ठराविक लोकांसच विचारी. नवी खुर्ची ‘कोणते’ एवढेच विचारते, पण बसणाऱ्याची जात, वय, शाळा विचारीत नाही. यांतले कोणते उणे अधिक जड, हे आम्हांस पूर्वी वाटे तितके सोपे आज वाटत नाही. तराजू थोडा खुर्चीकडेच झुकतो, हे कबूल केले पाहिजे.

राहता राहिला ‘सामान्य’ या शब्दाचा हिशेब. तो अद्याप चुकता झालेला नाही. नार्वे येथील सप्तकोटेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजीमहाराजांनी १६६८ साली करविला, हे डिचोलीच्या शाळकरी मुलास ठाऊक असते. कारण ते देऊळ त्याच्या सहलीच्या वाटेवर आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पेडण्याच्या सीमेवर पत्रादेवी येथे सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि पंजाबातून आलेला कर्नेलसिंग बेनिपाल हा तरुण तेथे पडला, हे पेडण्याच्या मुलास कोणी शिकवावे लागत नाही. नागपूर वा पाटण्याच्या स्पर्धकाला हाच प्रश्न पन्नास लाखांचा कठीण प्रश्न वाटेल. उलट त्यांच्या गल्लीतले जे सर्वांस माहीत, ते आमच्या मुलास शेवटच्या पायरीवरचे वाटते. प्रश्न सोपा की कठीण हे ठरविणारा कोणत्या गावचा, हे पडद्यावर कधी दिसत नाही. लिस्बनच्या परीक्षकाचे गाव निदान सर्वांस माहीत होते.

पेडणे तालुक्यातील एका घरी आम्ही हा कार्यक्रम बऱ्याच वेळा पाहिला. त्या घरचे आजोबा तरुणपणी हौसेने दशावतारात काम केलेले, डोळ्यांनी अधू, त्यामुळे संचाच्या अगदी जवळ बसत. स्पर्धकाच्या आधी उत्तर देण्याची पैज नातवंडांत लागे. आजोबा त्यात पडत नसत. उत्तर बरोबर आले की टाळ्या वाजत, दिव्यांचे झोत फिरत, रक्कम दुप्पट होई. आजोबा मात्र मान तिरकी करून संचाकडे कान देत आणि म्हणत, “बरां, पूण कित्याक?” नातवंडे म्हणत, “आजोबा, गप्प रावा, फुडलो प्रस्न येता.” आणि पुढचा प्रश्न येई.